शालेय संगीत नाटकात मुलांनाच गाऊ द्यावे

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

डिसेंबर उजाडला की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाची गडबड सुरू होते. गेल्या हिवाळ्यात अशाच एका संमेलनाला मला पाहुणी म्हणून बोलावले होते. पाचवीच्या मुलांनी संगीत नाटुकले बसवले होते. नेपथ्य सुरेख होते आणि फेटे, नऊवार लुगडी, पखवाज, सगळे जिथल्या तिथे होते. पहिले पद सुरू झाले तेव्हा आवाज मात्र एका तयारीच्या, प्रौढ गायिकेचा होता, आणि दहा वर्षांची नायिका त्या आवाजावर नुसते ओठ हलवत होती. पुढे संवादही ध्वनिमुद्रितच निघाले. दुसऱ्या प्रवेशात यंत्र अडकले. नायिका हात उंचावून, तोंड उघडे ठेवून तशीच उभी राहिली. तिला पुढची ओळ येत नव्हती, शेजारच्या मुलालाही येत नव्हती, आणि विंगेत उभ्या असलेल्या बाईंजवळ संहितेचा कागदसुद्धा नव्हता, कारण तो लागण्याची वेळच कधी आली नव्हती. दोन महिने तालीम करून त्या नाटकातला एकही शब्द कोणाच्या तोंडी बसला नव्हता. शाळेचे नाव सांगत नाही. ही रीत आता इतकी सर्रास झाली आहे की एकाच शाळेला बोल लावणे अन्यायाचे होईल.

मी तेहतीस वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक वर्षे अशा वर्गांत गेली, जिथे पंचेचाळीस मुलांपैकी वीस-बावीस मुलांच्या घरी मराठी बोलली जात नसे आणि उरलेल्यांच्या घरी ती टीव्हीच्या आवाजाखाली दबून बोलली जात असे. अशा मुलांपर्यंत भाषा पोहोचवण्याचे मला सापडलेले सर्वांत खात्रीचे साधन म्हणजे संगीत नाटक. ते पाहण्याने नव्हे, तर बसवण्याने भाषा येते. आणि बसवतानाही मूल स्वतःच्या गळ्याने गात असेल आणि स्वतःच्या तोंडाने बोलत असेल तरच येते. या पत्रात मला एवढेच मांडायचे आहे, पण ते थोडे विस्ताराने मांडण्याची परवानगी असावी.

आपल्या रंगभूमीचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी नाटकाचे खेळ सुरू केले, तेव्हा पात्रांची पदे सूत्रधारच गात असे आणि पात्रे त्यानुसार अभिनय करीत. १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा पात्रे आपापली पदे स्वतः गाऊ लागली. शकुंतलेचे सुखदुःख शकुंतलेच्याच गळ्यातून येऊ लागले. मराठी संगीत नाटकाने घेतलेले ते सर्वांत मोठे पाऊल होते. आज पडद्यामागच्या यंत्रातून पद लावून मुलांना ओठ हलवायला सांगणारी शाळा ते पाऊल मागे घेते आहे. भाव्यांवर अन्याय नको म्हणून हेही सांगायला हवे, की त्यांच्या पात्रांना गद्य भाषणे बव्हंशी स्वतःच रचून बोलावी लागत. म्हणजे सूत्रधार गात असला तरी नटाची जीभ मोकळी होती. आमच्या मुलांच्या वाट्याला तेवढेही उरलेले नाही.

आता तालमीत नेमके काय घडते ते सांगते. मराठी ज्याची घरची भाषा नाही अशा मुलाला सर्वांत जास्त छळतो तो आपला भूतकाळ. ‘मी गेलो’, ‘मी आलो’ हे त्याला चटकन जमते. मग त्याच चालीवर तो ‘मी चकली खाल्लो’ म्हणतो. क्रियापद इथे खाणाऱ्यामागे न जाता खाल्लेल्या वस्तूमागे जाते, हे कर्मणी प्रयोगाचे सूत्र मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही. परीक्षेत मुले ते बरोबर लिहीत आणि मधल्या सुट्टीत पुन्हा ‘मी डबा खाल्लो’ म्हणत. एका वर्षी दिवाळीच्या फराळाची चोरी हा विषय घेऊन मी एक छोटा संगीत प्रवेश रचला. त्यात घरातली आजी पोरांना ओळीने उभे करून गाण्यातच जाब विचारते: लाडू कोणी खाल्ला, चकली कोणी खाल्ली, थालीपीठ कोणी खाल्लं? प्रत्येक पोराने तालात आपला गुन्हा कबूल करायचा, आणि चुकीचे रूप तोंडून गेले की ओळ लंगडी पडायची, कारण ‘खाल्ला’, ‘खाल्ली’, ‘खाल्लं’ यांची यमके पुढच्या ओळींत पेरलेली होती. तिसऱ्या दिवशी तालमीत एक मुलगा चुकला, तेव्हा मी काही बोलायच्या आतच रांगेतल्या दुसऱ्या मुलाने त्याला कोपराने ढोसले आणि ‘चकली खाल्ली रे’ असे गाऊनच दुरुस्त केले. त्या दुसऱ्या मुलाच्या घरीही मराठी नव्हती. वर्ष संपेपर्यंत त्या वर्गात ‘मी डबा खाल्लो’ क्वचितच ऐकू आले. तीन लिंगे, कर्मणी प्रयोग आणि ‘कोणी’ हे कर्त्याचे रूप, एवढे सगळे बारा ओळींच्या गाण्यात मावले होते. व्याकरणाचा शब्दही मी उच्चारला नव्हता.

उच्चारांचेही तसेच आहे. ‘ळ’ हा वर्ण गद्यात पटकन येतो आणि निसटून जातो. ‘कमळ’चे ‘कमल’ आणि ‘बाळ’चे ‘बाल’ झाले तरी ऐकणारा समजून घेतो, म्हणून बोलणाराही सुधारत नाही. गाण्यात ही सवलत मिळत नाही. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, ‘ळ’ येईल अशी ओळ मी मुद्दाम बांधत असे. तिथे जीभ मागे वळवल्याशिवाय ठेका पकडताच येत नाही, आणि सगळा वर्ग एकाच क्षणी तो उच्चार करीत असल्यामुळे एकट्या मुलाला लाजही वाटत नाही. ‘चार’ या संख्येतला ‘च’ आणि गुरांच्या ‘चाऱ्या’तला ‘च’ वेगळे आहेत हे लिपी सांगत नाही. ते कानानेच शिकावे लागते. ‘चार गाईंना चारा’ असे शब्द एकापाठोपाठ आले की मुलांना स्वतःलाच तो फरक ऐकू येतो आणि त्याचे हसूही येते.

शुद्धलेखनाचा आणि गाण्याचा संबंध मात्र बहुतेक शिक्षकांच्या लक्षात येत नाही. आपल्या जुन्या संगीत नाटकांत साकी, दिंडी, कामदा, ओवी अशा देशी चालींची रेलचेल आहे. दिंडीच्या प्रत्येक चरणात एकोणीस मात्रा असतात. नवव्या मात्रेवर थोडे थांबायचे आणि उरलेल्या दहा पुढे घ्यायच्या. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. सहावीतल्या मुलांना मी टाळ्यांवर हा हिशेब शिकवला आणि प्रत्येकाला एकेक चरण रचायला सांगितले. एका मुलीने लिहिले, ‘कुणी लावावा दीवा अंगणी या’. गायला लागली तर दुसरा भाग बसेना. तिने बोटांवर मोजून पाहिले. दहाऐवजी अकरा मात्रा भरत होत्या. चूक कुठे आहे ते मी सांगितले नाही. पाच-सात मिनिटे ती ओळ गुणगुणत बसली आणि मग वहीतल्या ‘दी’ची वेलांटी खोडून तिने पहिली काढली. दिवा, विळा, सुरी, जुना अशा शब्दांत शेवटचे अक्षर दीर्घ असले की त्याआधीचा इकार-उकार ऱ्हस्व असतो, हा नियम त्या दिवशी तिला तिच्या स्वतःच्या ओळीने शिकवला. तिच्या वहीवर लाल शाई वापरण्याची गरज पडली नाही.

हे सगळे ध्वनिमुद्रित पदावर ओठ हलवून होत नाही, हे उघड आहे. तिथे चूक होण्याची सोयच नसते, त्यामुळे ती सुधारण्याचीही नसते.

संस्कृतीचा मुद्दा मी जरा बिचकतच मांडते, कारण या शब्दाचा अर्थ अलीकडे पोशाखापुरता उरला आहे. फेटा बांधला आणि नथ घातली की संस्कृती झाली, असा समज शाळांतही आहे आणि पालकांतही. माझ्या अनुभवात ती बारीकसारीक प्रश्नांतून येते आणि ते प्रश्न तालमीतच निघतात. एका नाटकात नातीने आजीला काही विचारायचे होते, आणि संवाद पाठ करताना आजीला ‘तू’ म्हणायचे की ‘तुम्ही’ यावरून वर्गात दोन तट पडले. मराठी घरांत आईला, आजीला आणि देवाला ‘तू’ म्हणतात आणि त्यात अनादर नसतो. वडिलांना मात्र पुष्कळ घरांत ‘अहो’ असते. काही घरांत सगळ्यांनाच ‘तुम्ही’ असते. मुलांनी आपापल्या घरचे सांगितले, बाहेरच्या भाषांच्या मुलांनी त्यांच्याकडची रीत सांगितली, आणि नाटकातली आजी कशी आहे यावरून आम्ही ‘तू’ ठरवले. तो अर्धा तास तालीम झाली नाही, पण तो मला वाया गेल्यासारखा वाटला नाही.

दुसरा प्रसंग ओवीचा. जात्यावरच्या दळणाचा प्रवेश होता. जाते कोणाच्याच घरी नव्हते. पुठ्ठ्याचे केले होते. मुली ओव्या गोड गात होत्या, पण काहीतरी निर्जीव वाटत होते. एका विद्यार्थिनीची आजी तिला न्यायला आली होती, ती दारातूनच म्हणाली, ‘अशा घाईनं दळशील तर पीठ जाडं पडंल.’ मी तिला आत बोलावले. तिने पुठ्ठ्याचा खुंटा धरला, डाव्या हाताने नसलेले दाणे जात्याच्या तोंडात टाकले आणि दोन ओव्या म्हटल्या. तेव्हा आम्हाला कळले की ओवीचा शेवटचा तोकडा चरण हा नुसता छंदाचा नियम नसतो. त्या आजीच्या दळण्यात दाण्यांची मूठ टाकण्याइतकी उसंत नेमकी त्याच जागी येत होती. तिच्या हाताचा फेरा आणि ओळीची लांबी एक होती. मी पंचवीस वर्षे ओवीची लक्षणे शिकवत होते आणि हे मला ठाऊक नव्हते. पुढचे पंधरा दिवस ती आजी रोज चारला येत असे. नातीची मैत्रीण घरी कानडी बोलणारी होती, तिने मग आपल्या आजीकडून दळणाची कानडी गाणी आणली, आणि आमच्या प्रवेशात दोन जाती शेजारीशेजारी फिरू लागली.

जुन्या नाटकांतले विषय आजच्या मुलांना कसे द्यायचे, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. सगळे द्यावेत असे मी म्हणत नाही. किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’तली शंभराहून अधिक पदे शाळेत कोणी बसवणार नाही आणि बसवूही नयेत, शिवाय त्यांतली संस्कृतप्रचुर भाषा बाराव्या वर्षी पेलत नाही. पण निवडून घेतलेला एखादा प्रवेश मोठा वाद उभा करू शकतो. गोविंद बल्लाळ देवलांच्या १८९९ च्या ‘शारदा’ नाटकातला एक भाग आम्ही नववीत वाचला. म्हाताऱ्या वराशी कोवळ्या मुलीचे लग्न ठरवण्याची ती गोष्ट मुलींनी ज्या संतापाने वाचली, तो पाठ्यपुस्तकातल्या कोणत्याही धड्याला मिळाला नसता. एका मुलाने सांगितले की बालविवाहविरोधी ‘शारदा कायदा’ याच नाटकावरून आला. हा समज आपल्याकडे चांगल्या शिकलेल्या लोकांतही आहे. १९२९ चा तो कायदा हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो आणि त्या नावाचा देवलांच्या नायिकेशी संबंध नाही. मुलांनी ग्रंथालयात जाऊन ते स्वतः शोधून काढले, आणि इतिहासाच्या बाईंनी आपला एक तास आम्हाला आनंदाने दिला.

बालरंगभूमीवर मोठी माणसे मुलांसाठी नाटक करतात, ते या पत्राचा विषय नाही; पण त्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’ सुरू केले, रत्नाकर मतकरींनी पुढे बालनाट्याला वाहून घेतले, आणि १९८६ मध्ये डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने बर्लिनची ग्रिप्स चळवळ पुण्यात आली. ग्रिप्समध्ये मुलांच्या भूमिका मोठी माणसे करतात, मुलांचे खरे प्रश्न मांडतात आणि मध्येमध्ये गाणी असतात. अशी नाटके मुलांनी जरूर पाहावीत. चांगली मराठी ऐकल्याशिवाय चांगली मराठी बोलता येणार नाही. तरीही प्रेक्षागृहातल्या खुर्चीत बसलेले मूल ऐकते, आणि तालमीत उभे राहिलेले मूल अडखळते, विचारते, पुन्हा म्हणते. शाळेच्या हातात आहे ते हे दुसरे काम. झाडीपट्टीत, म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या भागात, धानाची कापणी झाली की रात्र रात्र गाण्यांनी भरलेली नाटके होतात आणि गावातली पोरे ती पाहतच मोठी होतात. कोकणात दशावतार आहे. तिथल्या शाळांना तर बाहेरून काही आणण्याची गरजच नाही. मात्र तिथल्या मुलांची बोली पुसून प्रमाण भाषा लादण्यासाठी कोणी संगीत नाटकाचा उपयोग करू नये. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाने राजाचे पात्र प्रमाण मराठीत आणि शेतकऱ्याचे पात्र आपल्या बोलीत केले, तर तो एकाच नाटकात दोन्ही मराठी वापरायला शिकतो, आणि त्याची बोली रंगमंचावर टाळी घेते हेही त्याला दिसते.

हरकती मला ठाऊक आहेत. संगीत शिक्षक नाहीत, ही पहिली आणि खरी. माझ्याही शाळेत नव्हते. भजनी मंडळातले एक गृहस्थ आठवड्यातून दोन दिवस पेटी घेऊन येत, आणि ते आले नाहीत तर बाकावर ठेका धरून आम्ही भागवत असू. मुले बेसूर गातात, ही दुसरी हरकत. ती गातात, आणि गाऊ द्यावीत. बेसुरेपणाचे निम्मे कारण पट्टी चुकीची धरण्यात असते. मोठ्या गवयाच्या पट्टीत मुलांना ओढण्यापेक्षा वर्गातल्या बहुसंख्य मुलांना झेपेल तो स्वर धरावा. आवाज फुटू लागलेल्या आठवी-नववीच्या मुलांना गद्याच्या अंगाने म्हणायचा कटाव किंवा सूत्रधाराचे काम द्यावे. तिसरी हरकत पालकांची असते: चित्रफीत चांगली आली पाहिजे. तिच्यावर माझ्याजवळ उत्तर नाही. आपल्या मुलाचा स्वतःचा आवाज त्या चित्रफितीत असावा असे त्यांना का वाटत नाही, एवढेच मला विचारावेसे वाटते.

२०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी अनिवार्य झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दोन्ही गोष्टींचे मी मनापासून स्वागत केले. पण इतर माध्यमांच्या शाळांत मराठीच्या त्या अनिवार्य तासाला काय चालते, ते पाहिल्यावर मन खट्टू होते: प्रश्नोत्तरे उतरवून घेणे आणि पाठ करणे. त्या तासांपैकी आठवड्यातला एक तास नाट्यवाचन, गायन आणि तालीम यांसाठी राखून ठेवावा, आणि त्या तालमीतले मुलाचे बोलणे तोंडी परीक्षेच्या गुणांत धरावे, अशी शिक्षण विभागाला माझी विनंती आहे. त्यासाठी नवे पुस्तक नको, नवा निधी नको. मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात एक रकाना बदलला तरी पुरे. आंतरशालेय नाट्यस्पर्धा आणि स्नेहसंमेलने भरवणाऱ्या सर्वांनाही एक विनंती आहे. वाद्यांची साथ ध्वनिमुद्रित असली तर चालवून घ्यावी, कारण प्रत्येक शाळेला तबलजी मिळणार नाही. पण गळा आणि संवाद मुलांचेच असावेत, असा नियम करावा आणि तो पाळला जातो की नाही ते पाहावे.

मी रचलेल्या अकरा छोट्या संगीत नाटुकल्यांच्या वह्या माझ्याजवळ आहेत. चाली देशी आणि सोप्या आहेत. प्रत्येक पदाच्या शेजारी कोणता व्याकरणविशेष किंवा उच्चार त्यात गुंफला आहे, तेही पेन्सिलीने लिहिलेले आहे. फराळाच्या चोरीचा प्रवेश त्यांत पहिलाच आहे. कोणत्याही शाळेने आपल्या कार्यालयामार्फत मागणी केल्यास मी त्यांच्या छायाप्रती विनामूल्य पाठवीन, आणि प्रकृती साथ देईल तिथवर पहिल्या दोन तालमींना येऊनही बसेन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मराठी शिक्षिका